दिग्रसच्या मांडवातले जपानी शिपाई

मी मूळचा घाटंजीकडच्या एका खेड्यातला, दिलीप माहं नाव, पन दिग्रसमंदी मले सारे माइकवाला म्हनूनच वळखते. बाप मजुरी करे, मी शाळा सोडून एका मांडववाल्याच्या हाताखाली लागलो, पोंगे, म्हंजे लाउडस्पीकर, बांधता बांधता वायरिंग शिकलो, अन् मंग सोताचं सामान घेतलं, मी अन् रशीदभाई भागीदार, तो दिवे पाहे, मी आवाज. लग्न म्हना, भीमजयंती म्हना, गनपती म्हना, उरूस म्हना, आवाज माह्याच हातचा. घरी बायको अन् एक पोरगी, प्रज्ञा. काय सांगू तुम्हाले ताई, एकच लेकरू असलं का मानसाचा जीव टांगलेलाच राह्यते.

तं प्रज्ञा कॉलेजात गेली, अन् तिच्या संमेलनात इतिहासाच्या मॅडमनं नाटक बसवलं, अन् कशाचं, तं जपानचं. मी म्हनलं मॅडम, जपान कायले, आपल्याकडं राजे कमी हायेत काय? मॅडम म्हने भाऊ, आयका तं खरं. मंग रोज तालमीले माइक घेऊन बसलो, अन् आयकता आयकता मले ते आपल्याच गावचं वाटाले लागलं.

एकोनीसशे छत्तीस सालची गोष्ट हाये म्हने, फेब्रुवारी महिना, टोकियो शहरात बर्फच बर्फ. फौजेतले काही जवान अफसर, त्यायनं ठरवलं का हे मंत्री देश बुडवून राह्यले, यायले संपवा अन् राज्य बादशहाच्या हाती द्या. पहाटं आपापल्या शिपायायले उठवून बाहीर काढलं. आता शिपाई कोन, तं गरिबाघरचे पोरं, कित्येक तं नुकतेच भरती झालेले. कोनाले वाटलं कवायत हाये, कोनाले काई सांगतलंच नाई, चला म्हनलं का चालले. बुढ्या बुढ्या मंत्र्यायले घरात घुसून मारलं, शहराचा मधला भाग चार दिवस दाबून धरला. अन् ज्या बादशहासाठी हे केलं तोच भडकला, म्हने हे बंडखोर हायेत. मंग रेडिओवरून सांगतलं का शिपायहो, अजून वेळ गेली नाई, आपल्या पलटनीत वापस जा, तुमचे मायबाप रडून राह्यले. अन् पोरं वापस गेले.

नाटकात तो रेडिओ मॅडम बोलत, मांडवात लोकायच्या पाठीमागं, माह्या बाजूले बसून. आवाज आला का शिपायायनं बंदुका ठेवाच्या अन् एका ओळीत डाव्या बाजूनं निंघून जाचं. एकच शिपाई हालत नाई, जागच्या जागी उभा राह्यते. तो शिपाई म्हंजे माही प्रज्ञा.

बर्फ कुठून आनाचा, तं पोट्ट्यायनं जिनिंगच्या कारखान्यातून रद्दी कापूस आनला, साऱ्या स्टेजवर पसरवला, मागच्या पडद्याले चिकटवला, दिसे मोठा झ्याक. संध्याकाळी मांडव खच्चून भरला, बाया, म्हातारे, काखेतले लेकरं, अन् बाहीर जाले दार एकच.

नाटक अर्ध्यात आलं असन, शिपाई लोकायकडं तोंड करून उभे, अन् मले पडद्याच्या मुळाशी लाल दिसलं. आंधी वाटलं रशीदभाईनं दिवा बदलला. मंग धूर दिसला. वायर तापली का ठिनगी पडली, कोनाले मालूम. शिपायायची पाठ तिकडं, त्यायले काई दिसे नाई, अन् लोकं टाळ्या वाजवून राह्यले ताई, त्यायले वाटे नाटकातलीच आग हाये!

मी आग म्हनाले तोंड उघडलं अन् तसंच बंद केलं. आग म्हनलं असतं तं त्या एका दारात किती लेकरं चेंगरले असते. मॅडमकडं पाह्यलं, तं त्या नुसत्या आगीकडं पाह्यत बसलेल्या. माइक म्याच ओढला अन् म्हनलं, शिपायहो, अजून वेळ गेली नाई, बंदुका ठेवा, वापस जा. त्या शब्दाची वेळ नव्हती ती, अफसर झालेला पोट्टा दचकला, पन शिपायायले सवय लागलेली, आवाज आला का निंघाचं, एकामागं एक बंदुका ठेवल्या अन् उतरले, अफसरबी त्यायच्या मागं गेला.

राह्यली प्रज्ञा. तिचं कामच उभं राहाचं. मागं पडदा पेटलेला, अन् माही लेक ताठ उभी. पुन्हा म्हनलं वापस जा, हालली नाई. मधात सारा मांडव, धावत जाव तं लोकं घाबरून उठतीन. मंग माह्या तोंडून काय निंघालं मलेच मालूम नाई, म्हनलं, बाई, तुहा बाप रडून राह्यला वं, ये ना इकडं. तो आवाज तिनं वळखला. बंदूक टाकून समोर उडी मारली, अन् तिकडं रशीदभाईनं पडदा मागल्या बाजूले वढून खाली पाडला, बादलीतली रेती टाकली. तवा कुठं म्या लोकायले सांगतलं, नाटक संपलं, लेकरायवाल्या बायायले आंधी जाऊ द्या, सावकाश. रशीदभाईचा हात तेवढा भाजला, बाकी कोनाले खरचटलं बी नाई.

दुसऱ्या दिवशी मॅडम घरी आल्या. म्या इचारलं, मॅडम, ते खरे पोरं वापस गेले, मंग त्यायचं काय झालं? मॅडम म्हने अफसरायले गोळ्या घातल्या, अन् पोरायले लवकरच दूर, चीनकडच्या मांचुरियात धाडलं, पुढं लढाया लागल्या, कित्येक घरी आलेच नाईत. सरकारात बी त्या सालापासून फौजेचंच जास्त चालाले लागलं. म्या म्हनलं, म्हंजे मायबाप रडते असं सांगून बलावलं, अन् मंग असं केलं.

प्रज्ञा आता यवतमाळले नर्स हाये, सुट्टीच्या दिवशी एसटीनं येते. मले एका कानानं कमी आयकू येते, पन धंदा चालू हाये. विहारात डोळे मिटले का ते बर्फातले पोरं दिसते, एकाचं बी नाव मालूम नाई मले. त्यायचे बाप दाराकडं पाह्यत बसले असतीन. ज्याचं लेकरू त्याच्या घरी पोचो, ताई, आनखी काय मांगू.