कच्चा लिंबू

दवाखान्यात वजनकाट्याच्या रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या.

“ताई, पर्स धर. तेवढंच पावशेर कमी भरेल.”

“तीन महिने नुसती काकडी-गाजरं चावतेयस. तोंड बघ, एवढंसं झालंय.”

“कच्चं खाल्लं की भूकच मरते. सवय झालीय आता.”

“माझी भाजी दोनदा उकळून पाणी फेकायचं, तुझी गॅसवर चढवायचीच नाही. एका घरात दोन तऱ्हा.”

“आणखी तीन किलो उतरले, की तुमची किडनी बहिणीला चालेल, म्हणालेत डॉक्टर. फक्त उतरलेलं परत चढता कामा नये.”

“नको गं, चिमे. कंटाळले मी या रांगांना. डायलिसिस चाललंय ना माझं?”

“रडतखडत चाललंय.”

“लहानपणी खेळताना तुझ्यावर कधी राज्य येऊ दिलं नाही मी.”

“हो, मी कच्चा लिंबू. मी आउट झाले तरी राज्य तू घ्यायचीस आणि धापा टाकत पळायचीस.”

“मग? आताही तसंच.”

“पन्नाशी उलटली माझी, ताई. लिंबू पिकला. सरक बाजूला, माझा नंबर आलाय.”