ब्रदर थॉमसची मेणबत्ती

“मी गेल्यावर मृतांच्या दिवशी एक मेणबत्ती लावजो, मार्था,” मार्थाबाईंच्या आईच्या जखमा धुता धुता मिशनचे ब्रदर थॉमस म्हणाले होते. अमरावतीच्या बसमध्ये मार्थाबाई तेच शेजारच्या आशाबाईंना सांगत होत्या.

“मंग लावता ना?”

“दरवर्षी लावली, रडली बी. परवा कबरी झाडायले गेलो तं सुनेनं त्या कबरीवरचं नाव वाचलं. फादर लुकस!”

“तुमी कधी वाचलं नाई?”

“जपमाळ न चुकता संग असते, पण चष्मा घरी. क्रूस सारे सारखेच.”

“हे फादर कसे होते?”

“जन्मभर मले रागावले. प्रार्थनेत डुलक्या घेते म्हणून.”

“त्याईले फुकटात मेणबत्त्या भेटल्या!”

“आता बंद केली तं म्हणतीन, मार्था पुन्हा झोपली.”

कब्रस्थानाचा स्टॉप आला. मार्थाबाईंनी चष्मा लावला, पिशवीतल्या दोन्ही मेणबत्त्या चाचपल्या आणि हळूच उतरल्या.