स्टिअरिंगवर दिसलेला हात

जबाब

नाव : शेवंती देवराम भोईर
वय : ५४ वर्षे
धंदा : गावातील वाचनालय चालवणे
राहणार : गावदेवी मंदिरासमोर, मौजे कोळेपाडा, शीळफाट्याजवळ, जि. ठाणे

मी आज रोजी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी माझे पती देवराम यांच्यासह राहते. शेजारच्या बंगल्यात माझ्या मोठ्या दिरांचा मुलगा कमलेश भोईर राहतो. मागील रविवारी गावदेवी मंदिराजवळ आमच्या नव्या मोटारीचा अपघात झाला. त्याबाबत कमलेश याने त्याच दिवशी पोलिसांना सांगितले आहे की, गाडी ड्रायव्हिंग शिकवणारी मुलगी रुचिता मयेकर ही चालवत होती. ते खरे नाही. गाडी मी चालवत होते. माझे म्हणणे अद्याप कोणी लिहून घेतलेले नाही, म्हणून मी आले आहे.

मी गाडी का घेतली असे मला विचारण्यात आले. मला महिला मंडळांच्या सभांना बोलायला बोलावतात. बाईच्या नावावर सातबारा असावा, मुलीचे शिक्षण लग्नासाठी अर्धवट सोडू नये, अशा विषयांवर मी पुष्कळ वर्षे बोलत आले आहे. सभेला मला कमलेश त्याच्या गाडीतून नेत असे. नेण्याला त्याने कधी नाही म्हटले नाही. मात्र त्याला परतायची घाई झाली की तो बाहेरून हॉर्न वाजवी, आणि हॉर्न वाजला की मला भाषण आटोपते घ्यावे लागे. मागच्या वर्षी खडवली येथील सभेत एक बाई प्रश्न विचारायला उभी राहिली होती. तिने पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि हॉर्न वाजला. मी उठले. तिचा प्रश्न काय होता ते मला अजून माहीत नाही. घरी येऊन मी पतींना म्हटले की मला गाडी शिकायची आहे. त्यांची दृष्टी साखरेमुळे अधू झाली आहे, त्यामुळे ते स्वतः आता चालवत नाहीत. ते म्हणाले, शिक.

ही हकीकत अपघाताशी संबंधित नाही असे जबाब घेणाऱ्या साहेबांनी सांगितले. माझ्या मते संबंधित आहे, म्हणून ती राहू द्यावी.

गाडी पसंत करायला आम्ही घोडबंदर रोडवरील एका दुकानात गेलो. विक्रेता कमलेशशी बोलत होता. मला त्याने वरच्या झडपेतला आरसा उघडून दाखवला आणि पर्स ठेवायची जागा दाखवली. आमच्या गावाकडे गाडी म्हटली की ती उंच, मोठी आणि पांढरी असावी लागते आणि मागच्या काचेवर घराण्याचे नाव लागते. कमलेशने तशीच दाखवायला सांगितली. मी तीत बसून पाहिले. समोरची जमीन मला बरेच अंतर सोडून पुढे दिसू लागत होती. बॉनेटच्या अगदी पुढ्यात एखादे मूल बसले असते तर दिसले नसते. मग मी लहान निळ्या गाडीत बसले. तिथून जमीन जवळची दिसली आणि पाय पुरले. कमलेश म्हणाला, "काकी, निदान बिनगिअरची तरी घे. क्लच तुझ्याच्याने नाय होणार." मी म्हटले, चढावर गाडी किती जोराने न्यायची हे मला ठरवायचे आहे. मी गिअरची घेतली.

गाडी हाती यायच्या आधीपासून मी डोंबिवली येथील एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकत होते. मला शिकाऊ परवाना आहे, तो मी सोबत आणला आहे. शिकवायला रुचिता मयेकर होती. तिचे वय सव्वीस असावे. ती मला काकू म्हणते. एमआयडीसीच्या मागच्या रस्त्यावर ती मला नेत असे. गाडी बंद पडली की मागचे रिक्षावाले काय बोलायचे ते बोलून जात, त्यांना ती हात दाखवून वाट देई आणि मला म्हणे, "काकू, त्यांना जाऊ द्या. ते कालच जन्मले आणि लगेच रिक्षा चालवायला लागले." मला हसू आले की क्लच आपोआप अलगद सुटे. ती मला कधी ओरडली नाही. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. आमच्या नव्या गाडीत तसा ब्रेक नाही. ही बाब महत्त्वाची आहे.

रविवारी नवी गाडी गावात आणायची होती. ठाण्यातल्या रहदारीत माझी हिंमत नव्हती, म्हणून मी रुचिताला सुट्टीच्या दिवशी विनंती करून बोलावले. दुकानापासून शीळफाट्याच्या पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत गाडी तिने चालवली. पंपावर तिने पुढे-मागे लाल रंगाचे एल चिकटवले आणि आम्ही जागा बदलल्या. तेथून गावदेवीपर्यंत मी चालवली. देवळासमोर पूजा झाली, चाकांखाली लिंबे ठेवली, ती मी चिरडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भगताने देवीपुढचा शेंडीचा नारळ दिला, तो कमलेशने पुढच्या काचेला टेकवून डॅशबोर्डवर ठेवला.

रुचिताने तो मागच्या सीटवर ठेवायला सांगितले. कमलेश म्हणाला, "देवीचा नारळ मागं ठेवतात होय? तो पुढंच राहतो." गाडी सुरू करण्यापूर्वी तिने मला पुन्हा सांगितले. मी म्हटले, राहू दे, घर समोरच दिसतेय. म्हणजे नारळ तिथे राहिला तो माझ्या शब्दावर राहिला. कमलेश गाडीत नव्हता, तो चालत मागून येत होता.

देवळापासून आमच्या घराकडे उतार आहे. उतारावर गतिरोधक आहे. त्यासाठी मी क्लच आणि ब्रेक दाबला. गाडीला हिसका बसला आणि नारळ घरंगळून माझ्या पायाशी पडला. माझा उजवा पाय त्याला लागला. मी पाय ब्रेकवरून उचलला, खाली वाकले, नारळाला हात लावला आणि तो हात छातीला लावला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी सोडले होते. डावा पाय क्लचवर तसाच होता, त्यामुळे गाडी उतारावर मोकळी सुटली.

असे का केले, असे मला विचारण्यात आले. मी ठरवून केले नाही. पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा, हे मला चालायला येत होते तेव्हापासून येते. पाय लागल्याने देव रागावत नाही, हे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितले आहे आणि मला ते आजही पटते. पण माझा पाय त्या सभांना हजर नसावा.

खाली वाकत असताना मला रुचिताचा पाय दिसला. तिने तो रिकाम्या पत्र्यावर जोराने दाबलेला होता, जिथे शाळेच्या गाडीत ब्रेक असतो. नंतर गाडी डावीकडे वळली. मी वर पाहिले तेव्हा तिचा उजवा हात स्टिअरिंगवर होता आणि डाव्या हाताने ती हँडब्रेक ओढत होती. समोर रस्त्यात आरतीची ताटे घेऊन आमच्याच भावकीतल्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यात पुढे कमलेशची बायको, म्हणजे माझी सून कृतिका होती. तिला सातवा महिना आहे. गाडी त्यांच्या अंगावर न जाता डावीकडच्या सिमेंटच्या बाकावर गेली. बाकाचा अर्धा भाग तुटला. बाजूला उभे असलेले माझे चुलत सासरे रघु भोईर घाईत मागे सरताना पडले आणि त्यांच्या मनगटाचे हाड सरकले. अन्य कोणाला लागले नाही.

सदर बाक माझे कै. सासरे यांच्या स्मरणार्थ आमच्या कुटुंबाने बसवलेला आहे. त्यांच्या नावाचा भाग तुटलेल्या अर्ध्यात होता.

लोक धावत आले. त्यांना काचेतून स्टिअरिंगवर फक्त रुचिताचा हात दिसला होता, कारण मी खाली वाकलेली होते. कमलेशने प्रथम तिच्या बाजूचा दरवाजा उघडला आणि मोठ्याने म्हणाला, "हीच चालवत होती. हात हिचाच होता." मी सांगत होते की गाडी मी चालवत होते. मी माईक नसताना मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे बोलू शकते. त्या दिवशी माझ्या शेजारच्या माणसालाही ऐकू गेले नाही. बीटवरील हवालदार आले तेव्हा त्यांना कमलेशने हकीकत सांगितली. रुचिताला त्यांनी विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली की स्टिअरिंग तिने ओढले. ते खरे आहे. पुढचे कोणी विचारले नाही.

सोमवारी ट्रेनिंग स्कूलच्या मालकांनी रुचिताला, चौकशी पूर्ण होईपर्यंत येऊ नकोस असे सांगितले. गुन्हा तिच्यावर नोंदला गेला तर शिकवण्याचे काम तिला पुन्हा कोणी देणार नाही, असे मला शाळेत समजले. रुचिताने मला फोन केला नाही. मी केला. ती म्हणाली, "काकू, तुमच्या कपाळाला लागलेलं का स्टिअरिंग? मी बघितलंच नाही नंतर." मी नाही म्हटले. नंतर तिने विचारले की हँडब्रेक कुणी खाली केला आहे का, गाडी उतारावर असेल तर चाकाला दगड लावायला सांगा.

त्याच संध्याकाळी कमलेश आमच्या घरी आला. तो म्हणाला की शाळेचा विमा असतो, त्या मुलीला दुसरीकडे काम मिळेल, पण आजोबांच्या नावाचा बाक त्यांच्या सुनेने तोडला असे गावभर झाले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्याने मला खोटे सांगायला सांगितले नाही. तो म्हणाला, "काकी, तू फक्त गप्प राहा." मी म्हटले, "बाक सुनेनेच तोडला, कमलेश. आणि त्या मुलीने तो तोडू दिला, म्हणून कृतिका उभी आहे." कृतिका तेव्हा दारात होती. कमलेश तिच्याकडे बघून निघून गेला. कमलेश वाईट माणूस आहे असे माझे म्हणणे नाही. अपघातानंतर रघुनानांना दवाखान्यात त्यानेच नेले.

दुसऱ्या दिवशी मी रघुनानांना भेटायला गेले. हात गळ्यात बांधलेला होता. त्यांनी पोलिसांना काय सांगितले ते मी विचारले नाही, काय पाहिले ते विचारले. ते म्हणाले, "मना तर गाडीत कोणच दिसला नाय गो. त्या पोरीचा हात दिसला फकस्त. तू कुठं गेलेलीस?"

"नारळाच्या पाया पडायला," मी म्हटले.

ते हसले, हाताला कळ लागली म्हणून थांबले, पुन्हा हसले. नंतर म्हणाले, "तुझ्या सासऱ्यानं ऐकलं असतं तर बाक त्यानंच दुसरा बांधला असता." त्यांची माझ्याविरुद्ध किंवा रुचिताविरुद्ध तक्रार नाही. ते तसे स्वतः सांगायला येणार आहेत.

हा जबाब दिल्याने निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा माझ्यावर दाखल होऊ शकतो आणि शिकाऊ परवान्यावरही परिणाम होऊ शकतो, याची कल्पना मला साहेबांनी दिली आहे. ती मला समजली आहे. आज घरून निघताना पती देवराम यांनाही मी हे सांगितले. ते म्हणाले, "गाडी पोलिसांकडून सुटली की आणायला कमलेशला धाडू नको." मला उशीर होत होता म्हणून मी निघाले.

रुचिता मयेकर हिचा या अपघातात दोष नाही. तिने जे टाळायला सांगितले होते ते मी टाळले नाही, आणि जे टाळायला हवे होते ते तिने एका हाताने टाळले. तिच्याकडे ब्रेक नव्हता. ही गोष्ट तिच्या शाळेला लेखी कळवावी अशी माझी विनंती आहे.

गाडी पंचनाम्यानंतर पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. नारळही मुद्देमालात आहे, तो फुटलेला नाही. गाडी परत मिळेल तेव्हा, परवाना तोवर माझ्याकडे असल्यास, शेजारी रुचिताला बसवून मी ती स्वतः घेऊन जाईन. नारळ डिकीत ठेवीन.

वरील मजकूर मला वाचून दाखवण्यात येत होता, परंतु मी तो मागून घेऊन स्वतः वाचला. त्यात दोन ठिकाणी 'गाडीत मी बसले होते' असे लिहिले गेले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून दोन्ही ठिकाणी 'गाडी मी चालवत होते' असे केले आहे व खोडलेल्या जागी मी सही केली आहे. आता हा जबाब मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे.

समक्ष,
(सही) शेवंती देवराम भोईर