ब्रिजवरचा पत्ता

नाशकात द्वारका चौकात सुरगाण्याच्या जीपमध्ये दोनच जागा उरल्या होत्या. सविताने त्यांवर पिशवी आणि शाल टाकली आणि नाशकातलं लग्न आटोपून गावी परतायला निघालेल्या, फुटपाथवर टेकलेल्या आईला हाताला धरून उठवलं. मागे एक मुलगी आणि तिचे साहेब बोलत होते.

"प्रफुल्लसर, सुरगाण्याच्या दवाखान्यातल्या कुणाला तिथला कॉम्प्युटर बंद करून चालू करायला सांगू?"

"सेटिंग सेव्ह केलंस ना, राखी? मग पुन्हा तेच येणार."

"दोन लाइनी जोडायला लिनक्सवर ब्रिज बनवला, तिथलं नेटवर्क कार्ड त्यात जोडलं आणि इथे माझी स्क्रीन गोठली."

"त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता कुठे होता?"

"कार्डवरच राहिला."

"तो ब्रिजला द्यायचा असतो. नाशकात बसून ज्या लाइनीवरून आत शिरलीस, तीच तोडलीस."

"ऑफिसात करून बघितलं होतं, सर."

"तिथे कीबोर्ड समोर होता. आज दुपारी डॉक्टर कुणाला बघणार आहेत?"

"चिमणाबाई म्हणून आजी आहेत, हार्टच्या. डॉक्टरांच्या शहरापर्यंत जायची दगदग नको, ते सुरगाण्यातच स्क्रीनवर बघतील, असं मीच त्यांच्या मुलीला फोनवर सांगितलं."

"मग त्यांच्याआधी पोचायला हवं."

"गाडी भरली!" ड्रायव्हर ओरडला. "आता पुढची तासाभरानं."

राखी रडवेली झाली.

"सविता, चढू ना गं?" आईने विचारलं.

सविताने सीटवरची पिशवी उचलली, मग शाल.

"बसा तुम्ही दोघं."

"अहो, पण या आजी..." राखी म्हणाली.

"तुम्ही पुढं व्हा. चिमणाबाई मागनं येतेय, म्हणून सांगा तिथं."