ठमीचं वाक्य माझ्या तोंडी

...आणि वर मलाच विचारत्यात, "काय रंगुबाई, कसं झालं नाटक?" नाटक! अगं बायांनो, एक नटी बारामतीत, दुसरी नटी अमेरिकेत, मधी टेलिफोनची तार, आणि दोघींचं बोलणं टायपणार भलतीच माणसं! ह्याला नाटक म्हणायचं का? तुमाला सांगते, उभा जन्म जलशात गेला माझा. खळ्यावर वग केले, बैलगाडीवर उभं राहून केले, गॅसबत्तीवरचं किडं तोंडात गेलं तर गिळून पुढचं कडवं धरलं. पण असला धक्का न्हाय खाल्ला कधी!

झालं काय, माझी नात अंजली बारामतीला कंप्युटर शिकती. एक दिवस सांगवीला माझ्याकडं आली ती नाचतच. "आज्जी, तुझा तो 'दोन जावा'चा वग आपण इंटरनेटवर करायचा! तू हितनं, ठमाआज्जी तितनं!"

ठमाआज्जी म्हणजी वरकुट्याची ठमाबाई. माझी जलशातली जोडीदारीण. लेक बुद्धघोष अमेरिकेत विंजिनेर, त्यानं नेली तिकडं. वगात मी थोरली जाऊ, ती धाकटी. भांडण विहिरीच्या पाण्याचं. आणि शेवटाला धाकटीनं हात जोडून म्हणायचं, "अक्का, चुकलं माझं." तेवढं म्हणलं की मी तिला पोटाशी धरायची आणि लोकांनी डोळं पुसायचं. ठरलेलं! पर इंदापूरच्या खेळाला ही बया हात जोडायच्या ऐवजी कंबरंवर ठेवून लोकांकडं वळली आणि म्हणाली, "चूक कुणाची, ते पब्लिकनंच सांगावं!" पब्लिकनं टाळ्या पिटल्या आणि मी हात पसरून उभी, बुजगावण्यासारखी! का? तर म्हणं आधीच्या सीनला मी पदरचं घातलं, "वरकुट्याची माणसं पाणी पाजून मोजून घेत्यात." अगं, जलशात पदरचं घालत्यातच की! त्यात काय बिघडलं? पर ती स्टेजवरनं उतरली ती उतरली. तीस वर्सं झाली, माझ्याशी अक्षर बोलली न्हाय. मीबी न्हाय बोलले. मी का बोलू? वाक्य तिचं राहिलंय!

तर अंजलीला मी एवढंच इचारलं, "शेवटचं वाक्य ठमी म्हणणार का?"

"म्हणणारच ना आज्जी, स्क्रिप्टमध्येच आहे."

झालं! तेवढ्या एका वाक्यासाठी म्हातारी कंप्युटरपुढं बसायला तयार झाली.

खेळ म्हणं सकाळी. सकाळी! का, तर तिकडं रात्र असती. दातवण करून लोक नाटकाला आले, बायांनो! अंजलीच्या कंप्युटर क्लासचा हॉल नुसता गच्च. डाव्या हाताला आमचं सांगवीकर, उजव्या हाताला वरकुट्याचं, टेम्पो करून आलेलं, मधी वाट सोडलेली, जशी काय कुस्तीच लागलीय. माझ्या बाजूला आमच्या जलशातले बाजीराव ढोलकी घेऊन. आणि समोर भिंतीवर ठमी कुठाय म्हणून बघती तर नुसती अक्षरं! आता मी शाळंची पायरी चढले न्हाय, दुकानाच्या पाट्या वाचवाचून माझं मी शिकले, आज पेपर वाचते घडाघडा. पर ही अक्षरं इंग्रजी आणि त्यातनं बोलणं मराठी! मराठीनं सायबाची पाटलोन घालून उभं राहावं तसं. म्हणलं, "अंजे, आवाज कुठाय तिचा? तोंड कुठाय?"

"आज्जी, ती तिकडं बोलती, बुद्धघोषकाका टाईप करतो, मी वाचून दाखवते. तू बोललीस की मी टाईप करते."

ह्याला नाटक म्हणायचं का? मला सांगा!

बरं, केली सुरवात. बाजीरावांनी थाप टाकली. मी पदर खोचला आणि थोरल्या जावंची ती जागा घेतली, तुमी ऐकलीय, "अगं मोटंच्या नाड्यासारखी ताठ तू, वाकशील कधी आणि भरशील कधी..." तितनं जी सुटले ती तिच्या माहेरापसनं तिच्या म्हशीपातूर कुणाला सोडलं न्हाय! सांगवीकर उभं राहून शिट्ट्या वाजवाय लागलं. दम खाऊन बघते तर अंजलीनं दोन शब्द बडवलेलं.

"काय टायपलंस गं?"

"'राग आला.'"

राग आला! एवढ्या शिव्यांचं पीक, आणि पोरीनं मूठभर दाणं पाठवलं अमेरिकेला! "अगं, म्हस कुठं गेली माझी?"

"आज्जी, एवढं टायपायला वेळ नसतो. मथितार्थ पाठवायचा."

आणि तिकडनं उत्तर यायला म्हणाल तर एक पान लावून, चघळून, थुकून व्हावं. आलं की अंजली गोड आवाजात वाचणार, "धाकटी म्हणते, विहीर तुझ्या बापाची का." ठमीचं बोलणं असं? तिच्या तोंडचं ते वाक्य म्हणजी फोडणीत मिरची पडल्यागत, आणि ही वाचती बातम्या दिल्यासारखी! तरी वरकुटं टाळ्या पिटतंय. त्यांच्यातला दत्तोबा तर ओरडतोय, "आली ठमाबाई वर! आली वर!"

असं करत करत आलो शेवटाला. माझं सगळं म्हणून झालं. आता तिचं वाक्य. बाजीरावांनी ढोलकी बारीक केली. तीस वर्सं, बायांनो! म्हणंल का? का हितंबी कंबरंवर हात ठेवंल?

भिंतीवर काय उमटंना.

काय झालं? तर त्या दत्तोबानं शेजारच्या हापिसात जाऊन फोन उचलला! का? वरकुट्याला कळवायला, की आपली बाई जितती म्हणून! फोन तोच, तार तीच, गेलं की कनेक्शन! अंजली बटणं बडवाय लागली. कंप्युटरच्या डबड्यातनं कोंबडं मुरगळल्यासारखा आवाज, कुंई... खर्रर्र... कुंई... आणि इकडं बाजीराव तोच ठेका फिरवतायत, फिरवतायत, माझ्याकडं बघतायत.

आता जलशाचा एक कायदा हाय. जोडीदाराचं वाक्य पडलं, तर ते आपण उचलायचं. विसरली असंल, ठसका लागला असंल, काय बी असंल, ढोलकी रिकामी फिरवायची न्हाय! रक्तातच हाय ते. इचार कोण करतंय? हात आपसूक जोडलं गेलं, आणि ठमीच्याच आवाजात, ठमीच्याच ठसक्यात बोलून गेले, "अक्का, चुकलं माझं!"

अहाहा! सांगवी रडली, वरकुटं रडलं, बाजीरावांनी तिहाई मारली. मी अंजलीकडं बघते, तर ती हसतीय. "आज्जी, लाईन आली! तुझं वाक्य गेलंसुद्धा!"

"कंचं वाक्य?"

"'चुकलं माझं.'"

"आणि अक्का?"

"अक्का गाळलं. मथितार्थ पाठवला."

बायांनो, माझ्या अंगावर कुणी विहीर उपसून वतली! "अगं खोड ते! मागं घे! ते वाक्य तिचं हाय!"

"आज्जी, गेलेलं परत येत नाही."

तवर भिंतीवर अक्षरं. अंजली वाचाय लागली, आणि ह्या खेपंला तिचा गोड आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "रंगे, तीस वर्सं वाट बघत होते गं. तू म्हणलीस, पावलं. आता मरायला मोकळी झाले." त्याखाली बुद्धघोषचं, "आई रडतीय. थांबंना झालीय."

आता ह्यावर काय करावं माणसानं? मीबी मुसमुसले थोडी, खोटं कशाला बोलू. पर हिशेब तो हिशेब! डोळं पुसलं, पदर खोचला आणि सांगाय लागले, "ठमे, तू रडतीस ते बरं करतीस, मलाबी भरून आलंय, पर नीट ऐक, ती माफी माझी न्हाय, तुझी हाय, जलशाच्या कायद्यानं मी उचलली, इंदापूरला तू टाकलीस तीच, तवा आता तुझं तू म्हण आणि मग दोघी मिळून रडू..." चांगली घसा सुकंस्तवर बोलले. अंजलीनं बोटं टेकवली आणि उचलली.

"काय टायपलंस गं एवढ्याचं?"

"'बरं.'"