वाळूऐवजी गूळ

हसू नका, पण एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मीही पाच दिवस डोंगर चढायला निघालो होतो. आमच्या गल्लीतले मास्तर दर हिवाळ्यात मंडळी घेऊन जायचे. मला म्हणाले, "शेठ, महिनाभर दहा किलो वाळू पाठीवर घेऊन पांडवलेणी चढा. स्वतःचं ओझं स्वतः वाहणार असाल, तरच नेतो."

आता वाळू वर न्यायची आणि तशीच खाली आणायची, हे किराणावाल्याच्या मनाला पटेना. मी पिशवीत किलोकिलोचे गुळाचे पुडे भरले. दुसऱ्याच दिवशी पायऱ्यांवर एक बाई म्हणाल्या, "शेठ, गूळ वाटतं? द्या की एक!" सकाळच्या पारी गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं? मग रोजचंच झालं. वर पोचेपर्यंत पिशवी रिकामी, आणि मला वाटायचं, काय दम वाढलाय आपला!

मोहिमेच्या पहिल्याच चढावर, निम्म्यातच मी पिशवीसकट मटकन बसलो.

मास्तर ओरडले, "अहो, महिनाभर चढत होतात ना? इथूनच परत पाठवू का?"

"नको हो मास्तर," मी धापा टाकत म्हणालो, "पण अर्धा डोंगर झाला, अजून एकही गिऱ्हाईक कसं भेटलं नाही?"