हिरवा चुडा

जयसिंगपूर स्टँडाबाहेर बांगडीवाल्या अमीरबीच्या गाड्यापाशी सासू-सून बसलेल्या. मी एसटीची वाट बघत मागं उभा.

“अमीरबी, सुनंच्या हातात हिरव्याच भर. नवरा गेला म्हणून बांगड्या काढायच्या न्हाईत, गावसभेनं ठराव केलाय!”

“आणि भावकी बोलली तर, आत्ती?”

“बोलू दे की! मुंबईच्या सरकारनं बी तसाच जीआर काढलाय.”

“झालं बघा, बायडाक्का. आता तुमचा हात द्या.”

“माझा कशाला गं अमीरबी? आमचं मालक गेलं तवा ना गावाचा ठराव हुता, ना मुंबईचा जीआर.”

“दिल्लीची राज्यघटना हुती की, आत्ती!”

“आँ? मग इतकी वर्सं भुंडं हात घिऊन कशाला बसलो गं मी? भर अमीरबी, कोपरापतोर भर!”